मॉलमध्ये मुकाट, कुंभारापुढे मात्र घासाघीस

बहरीनमधल्या, आणि खरं तर सगळ्याच आखातातल्या मराठी आईबाबांनो, पोस्ट लांब आहे आणि थोडी झोंबणारी आहे. मला स्वतःला झोंबली, म्हणूनच लिहायला बसलेय.

जूनच्या शेवटी शाळांना सुट्ट्या लागतात आणि आपली गावी न्यायची खरेदी सुरू होते. टँग, निडो, टायगर बाम, बदाम, खजूर, अत्तर. मग अगदी शेवटच्या आठवड्यात आठवतं, अरे, इथली आठवण म्हणून काहीतरी न्यायला हवं! की निघालो बाब अल बहरीनच्या कमानीतून मनामा सूकमध्ये. डझनभर फ्रिज मॅग्नेट, चार छोटे उंट, दोन किचेन. उलटून बघा कधीतरी, बहुतेकांवर 'मेड इन चायना' लिहिलेलं असतं. चीनमधून आलेला उंट आपण बहरीनची आठवण म्हणून पुण्या-नाशकाला पोचवतो.

गेल्या वर्षी ठरवलं, या वेळी इथल्या माणसाच्या हातून घडलेलं काहीतरी न्यायचं. लेकाला घेऊन आलीला गेले. (हो, गावाचं नावच 'आली' आहे.) कुंभारांचं गाव. शेजारीच दिलमून काळातले मोठमोठे दफनढिगारे, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे. बहरीनमधल्या अशा ११,७७४ ढिगाऱ्यांना युनेस्कोने २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यांच्याच सावलीत आजही चाक फिरतं, भट्टी पेटते.

लेक चाकापुढे अर्धा तास हलला नाही. मातीचा गोळा वर चढतो, पोट धरतो, गळा होतो, हे तो तोंड उघडं टाकून बघत होता. मी धूपदाण्या निवडल्या. सहा. प्रत्येकी दोन दिनार, म्हणजे बारा. आणि सवयीने तोंडातून निघालं, "आठ देते." मग ते आपलं नेहमीचं सुरू झालं. जायचं नाटक, परत वळणं, "इतक्या घेतेय ना, मग?" शेवटी नऊवर सौदा तुटला. कुंभाराने हात धुतले आणि गुपचूप कागदात गुंडाळून दिल्या. मी खूश.

त्याच संध्याकाळी मॉलमध्ये लेकाचे बूट घेतले. चोवीस दिनार, त्यात दहा टक्के व्हॅट. कार्ड टेकवलं आणि निघालो. गाडीत लेकाने विचारलं, "आई, बुटाच्या दुकानात तू कमी करा का नाही म्हणालीस?"

"तिथे फिक्स्ड प्राइस असते रे."

"मग त्या काकांनी फिक्स्ड प्राइस लिहिली असती तर?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या तीन दिनारात मॉलमधल्या दोन कॉफ्या येतात. तेवढ्यासाठी मी माझ्या मुलाला काय शिकवलं? ज्याच्याकडे चकचकीत काच आणि बारकोड आहे, त्याचा शब्द अंतिम. ज्याच्या हाताला माती आहे, त्याचा शब्द खोडता येतो.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, सूकमध्ये भाव करणं ही रीतच आहे. न करणाऱ्याला वेडा समजतात." मान्य. आणलेला माल विकणाऱ्या व्यापाऱ्याशी खुशाल भाव करा. त्याने मुद्दाम वाढवून सांगितलेलं असतं, तुम्ही कमी करता, दोघांनाही खेळ माहीत असतो. पण समोर बसून जो वस्तू घडवतो, त्याची गोष्ट वेगळी. माती चाळायची, भिजवायची, तुडवायची, चाकावर चढवायची, वाळवायची, भाजायची. भट्टीत तडकली तर सगळी मेहनत पाण्यात. त्याची किंमत पाडायची म्हणजे त्याच्या दिवसाची मजुरी कापायची.

दुसरा मुद्दा येईल, "आमचे पगार काय सगळ्यांचे मोठे आहेत? घरभाडं, फी, गावाकडचे हप्ते." खरं आहे. मग सहाऐवजी दोन घ्या. एकच घ्या. नकोच असेल तर बघून "छान आहे" म्हणून निघा. पण परवडत नाही याचा भुर्दंड कुंभाराने का सोसायचा?

आणि जरा घराकडे बघा. जून २०२५ मध्ये प्रादाने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नावही न घेता. आपले सगळे व्हॉट्सॲप ग्रुप पेटले होते. "आमच्या कारागिरांची चोरी!" बरोबरच होतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, आणि ओरड झाल्यावर प्रादालाही तिचं मूळ मान्य करावं लागलं. पण त्याच सुट्टीत कोल्हापुरात चपला घेताना "दोन जोड घेतो, नीट लावा" असं आपल्यापैकी किती जण म्हणाले? मीसुद्धा म्हणालेय. प्रादाने नाव घेतलं नाही, आपण दाम देत नाही. कारागिराच्या घरी दोन्हीचा परिणाम सारखाच.

गिऱ्हाईक फिरलं की कौशल्याचं काय होतं, हे बहरीनइतकं कुणाला ठाऊक? इथले मोती एकेकाळी मुंबईच्या बाजारात जायचे, तिथून जगभर. मग जपानचे कल्चर्ड मोती आले, जागतिक मंदी आली आणि तो धंदा कोसळला. १९३२ मध्ये तेल सापडलं, म्हणून देश तरला. मोत्यांच्या काळातली मुहर्रकची घरं २०१२ पासून जागतिक वारसा आहेत. आपण मुलांना तिथे नेऊन फोटो काढतो. आलीच्या चाकाचंही असंच म्हणजे फक्त फोटो काढायची जागा व्हावं, असं वाटतं का?

"बहरीनमध्ये आहेच काय बघायला, मॉल सोडून?" हे वाक्य आपण मुलांसमोर किती वेळा बोलतो! ही मुलं इथे जन्मली, वाढली. हे त्यांचं गाव आहे हो. त्यांना बनी जमराला हातमाग दाखवा. करबाबादच्या खजुरीच्या पानांच्या टोपल्या दाखवा. जसराच्या हस्तकला केंद्रात एक सकाळ घालवा. थंडीत बुदैय्याच्या बागेत शनिवारचा शेतकरी बाजार भरतो, तिथे न्या. मुलालाच विचारू द्या, "हे कसं करता? किती वेळ लागतो?" आणि पैसेही त्याच्याच हातून द्यायला लावा. सांगितले तेवढे.

सामानाच्या वजनाची काळजी असेल, तर एक धूपदाणी कपड्यात गुंडाळून हँडबॅगेत सहज बसते. आजीच्या देवघरात ती फ्रिज मॅग्नेटपेक्षा जास्त शोभते, हे अनुभवाने सांगते. आणि नातू जेव्हा सांगतो, "आजी, ही मी बनताना पाहिली," तेव्हा आजीचा चेहरा बघा.

पुढच्या खेपेला आम्ही परत आलीला गेलो. धूपदाणी आता सव्वादोन दिनार झाली होती. ओठांवर आलेलं वाक्य गिळलं आणि सांगितले तेवढे दिले. लेक माझ्याकडे बघत होता. काही बोलला नाही, नुसता हसला.

या सुट्टीत एकदा करून बघा. तुमचं पोर तुमच्याकडे बघत असणारच आहे.