बटणांचे बारसे

दिवाळीला सेलूला गेलो, की अण्णांना अंक वाचून दाखवायचे काम माझे. काचबिंदूने त्यांची नजर नेली. यंदा म्हणाले, "तू फराळ कर. फोन वाचतो."

काचेवर बोट फिरवले, की बोटाखालच्या गोष्टीचे नाव ऐकू येते. दोनदा टिचकी दिली, की ती उघडते. आयफोनात ही सोय २००९ साली आली. अँड्रॉइडात तिला टॉकबॅक म्हणतात.

पण वाचनाच्या ॲपातली चार बटणे नुसतीच "बटण, बटण" म्हणत. कर्त्याने नावेच ठेवली नव्हती! टॉकबॅकमध्ये ती आपल्यालाही देता येतात. ऐन लक्ष्मीपूजनाला बारसे उरकले.

"'पुढील पान उघडण्यासाठी' असे लिहू?"

"प्राध्यापक, 'पुढे' पुरे. दर पानाला तुझे व्याख्यान कोण ऐकणार?"

मग त्यांनी आवाजाचा वेग इतका वाढवला, की मला एक शब्द कळेना. अण्णा मात्र हसत होते.