डोक्याला हलका न्यूजरीडर

दिवसभर मेल, चॅट, मीटिंग. घरी आल्यावर सोफ्यावर पडून पुन्हा तेच स्क्रोलिंग! काय वाचायचं ते मोबाइल ठरवतो आणि रात्रीचे साडेअकरा कधी वाजले ते कळतही नाही. ओळखीचं वाटतंय ना? मग मंडळी, आज एका जुन्या अड्ड्यावर चक्कर मारू या. युजनेट!

युजनेट म्हणजे गप्पांचे हजारो कट्टे, प्रत्येकाचा विषय ठरलेला. १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीत टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना सुचलेली ही आयडिया. याला कुणी एक मालक नाही. तुम्ही लिहिलेलं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर आपसूक पोचतं. ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सनं लिनक्सची बातमी पहिल्यांदा दिली ती इथल्याच 'कॉम्प.ओएस.मिनिक्स' ग्रुपवर. आपल्या लोकांचा 'सोक.कल्चर.इंडियन.मराठी' हाही कट्टा इथलाच.

पूर्वी गूगल ग्रुप्समधून हे सगळं दिसायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सोय थांबली. तिथे आता फक्त जुना साठा चाळता येतो. त्यामुळे नवीन गप्पा वाचायच्या तर दोन गोष्टी हव्यात: एक न्यूज सर्व्हर आणि एक न्यूजरीडर. सर्व्हरसाठी 'इटर्नल सप्टेंबर' झकास. नाव नोंदवायचं, पैसे द्यायचे नाहीत आणि फक्त मजकूर, फाइलींची भानगडच नाही.

आता खरा प्रश्न, न्यूजरीडर कुठला? मी पहिल्याच रात्री उत्साहात चाळीस ग्रुप घेतले आणि सगळ्यांचे सगळे हेडर उतरवले. सकाळी बघतो तर न वाचलेल्यांचा आकडा हजारोंत! त्यापेक्षा ऑफिसचा इनबॉक्स परवडला. तेव्हा कळलं, 'हलका' म्हणजे किती एमबीचा हे नव्हे. आपल्या डोक्यावर किती कमी लादतो, ते बघायचं.

मेलसाठी थंडरबर्ड वापरत असाल तर त्यातच न्यूजग्रुपचं खातं उघडता येतं. वेगळं काही टाकायला नको. ग्रुपमध्ये पाचशेहून जास्त हेडर असतील तर तो आधी विचारतो, किती उतरवू? तिथे 'सगळे' म्हणू नका! फक्त मेल आणि ग्रुप एकाच खिडकीत असले, की वाचता वाचता बॉसचा मेलही दिसतो. माझं तिथेच बिनसलं.

लिनक्सवाल्यांसाठी 'पॅन' मस्त. माउसनं चालतो, एका विषयाच्या गप्पा एकाखाली एक लावून देतो आणि गेल्या काही दिवसांचेच हेडर आणायची सोय आहे. त्याहून सडपातळ हवा असेल तर 'एसएलआरएन'. काळ्या टर्मिनलमध्ये चालतो, सगळं कीबोर्डवर. जुन्या लॅपटॉपवरही पळतो. मात्र टर्मिनलमध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटू शकतात, तेव्हा मराठी वाचायचं असेल तर पॅन किंवा थंडरबर्डच बरा.

कुठलाही घ्या, एक गोष्ट तपासाच: नको ती माणसं आणि नको ते विषय गाळता येतात का? युजनेटवर याला 'किलफाइल' म्हणतात. पॅन आणि एसएलआरएन त्याच्या पुढे जाऊन गुण देतात. आवडत्या लेखकाला प्लस, वात आणणाऱ्याला मायनस. आणि गंमत म्हणजे हे गुण तुम्हीच द्यायचे, कुठली कंपनी नाही.

दोन छोट्या टिप्स. नेहमीचा ईमेल पत्ता तिथे देऊ नका, तो सगळ्यांना दिसतो आणि स्पॅमवाले टपलेलेच असतात. उत्तर देताना समोरच्याचं हवं तेवढंच वाक्य ठेवा, बाकीचं उडवा आणि आपलं त्याच्याखाली लिहा. नाहीतर जुनी खोडं कान उपटतील!

मी आता चाळीसावरून चारांवर आलोय. रात्री जेवण झालं की वीस मिनिटं वाचतो. शेवटचं पोस्ट वाचलं की यादी संपते. हो, चक्क संपते! पुढे ढकलायला काही उरत नाही. मोबाइलवर असं शेवटचं कधी झालं होतं, आठवून बघा. आणि या वीकएण्डला चारच ग्रुप निवडा. पाचवा नको!