रोहिणीच्या काठावरची मैत्री

आपल्या घरांतून त्रिशरण-पंचशीलाचा उच्चार किती प्रसंगी होतो, याची एकदा मोजदाद करून पाहावी. विवाह, नामकरण, गृहप्रवेश, पुण्यानुमोदन, जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि आपल्या विद्यालयात तर प्रत्येक सकाळ. या उच्चाराला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अवघी अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती २७ लाखांच्या वर गेली. मधल्या काळात १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा सोहळा झाला होता. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा आपल्या आज्यांनी पाली शब्द कानांनी टिपून पाठ केले आणि देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. त्या उच्चाराने एक समाज उभा केला आहे.

परंतु उच्चार सोपा झाला की त्यातील मागणी ऐकू येईनाशी होते. विशेषतः ‘मैत्री’ या शब्दाचे तसे झाले आहे. व्याख्यानात तो येतो, टाळ्या मिळवतो आणि निघून जातो. मैत्री म्हणजे मनात सर्वांविषयी गोड भावना बाळगणे, एवढाच त्याचा अर्थ आपण करून घेतला आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा अर्थ मान्य झाला नसता, असे मला त्यांच्या ग्रंथावरूनच वाटते.

१९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात करुणेच्या पुढची पायरी म्हणून मैत्री सांगितली आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व जीवमात्रांपर्यंत. आणि ती मित्राला मिळते तशी शत्रूलाही मिळाली पाहिजे. आपले वक्ते बहुधा येथे थांबतात. पण या मैत्रीचे पहिले उदाहरण ग्रंथाच्या आरंभीच आहे आणि ते कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक बोलके आहे. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, हा प्रश्न बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच उपस्थित केला. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून एकोणतीस वर्षांच्या पुरुषाला प्रथमच दुःखाची जाणीव झाली, ही पारंपरिक कथा त्यांच्या बुद्धीला पटली नाही. तिच्या जागी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा ठेवला.

शाक्य आणि कोलिय या दोन गणांच्या सीमेवरून रोहिणी वाहत असे. शेतीला पाणी कोणी आधी घ्यायचे, यावरून दरवर्षी वाद होई. त्या वर्षी दोन्हीकडचे सेवक जखमी झाले आणि शाक्यांच्या सेनापतीने कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव संघापुढे मांडला. सिद्धार्थ त्या संघाचा सभासद होऊन आठ वर्षे झाली होती. तो उभा राहिला आणि म्हणाला की युद्धाने प्रश्न सुटत नाही, एका युद्धातून दुसरे निपजते. आणि आगळीक कोणाची याची आधी चौकशी करावी, कारण आपली माणसेही सर्वस्वी निर्दोष नाहीत. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत आणि त्या चौघांनी पाचवा निवडून निकाल करावा, अशी त्याची सूचना होती. ती प्रचंड बहुमताने फेटाळली गेली. सैन्यभरतीलाही त्याने नकार दिला. तेव्हा संघाने त्याला काय बजावले? त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार टाकू, त्यांची जमीन जप्त करू.

‘बहिष्कार’ हा शब्द वाचताना आपल्यापैकी कोणाचा श्वास अडखळणार नाही? ज्या लेखकाने १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवले, त्याच लेखकाने तीस वर्षांनंतर तथागताच्या तरुणपणात हाच प्रसंग ठळकपणे मांडला, हे मला योगायोगाचे वाटत नाही. आपल्या कृत्याची शिक्षा घरच्यांना नको म्हणून सिद्धार्थाने परिव्राजक होणे पत्करले. यशोधरेने त्याला अडवले नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही या युद्धाला संमती दिली नसती, असा तिचा भाव ग्रंथात आहे. पाणीतंट्यासारख्या सार्वजनिक प्रश्नावर तिचे स्वतःचे मत होते! आपल्या किती विहार समित्यांत स्त्रियांना खुर्ची आहे आणि खुर्ची असली तरी मत आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

या कथेतून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. मैत्रीची परीक्षा शत्रूपुढे होण्याआधी आपल्याच माणसांच्या सभेत होते. ‘आपलेही चुकले असेल, चौकशी करू’ हे वाक्य आपल्या बाजूच्या संतापलेल्या लोकांसमोर म्हणणे, हे मैत्रीचे पहिले आचरण होय. ते महाग पडते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. कयाधू आणि पूर्णेच्या या प्रदेशात उन्हाळा लागला की हातपंप, टँकर आणि बोअर यांच्याभोवती लहान लहान रोहिणी उभ्या राहतात. गायरानाच्या तुकड्यावरून बौद्ध आणि मातंग वस्त्यांत बोलणे बंद झालेली गावे मराठवाड्यात आहेत. दोघांनाही गावाने शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले आणि आज दोघे एकमेकांना वेशीबाहेर ठेवू पाहतात. आपण संख्येने, शिक्षणाने, नोकऱ्यांनी थोडे पुढे गेलो. मागे राहिलेल्या भावाकडे पाहताना आपल्या डोळ्यांत जो तोरा येतो तो जातीचाच आहे, त्याला दुसरे नाव देऊन चालणार नाही. धम्म स्वीकारताना आपण जात सोडली. सोयरीक जुळवताना मात्र आपापसांतील पोटभेद अजून विचारले जातात.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र याहून वेगळा आहे. ज्यांनी आपल्यावर अत्याचार केले त्यांच्याशी मैत्री कशी करायची? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची निर्घृण हत्या झाली. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधली सोळा वर्षे ज्यांनी भोगली त्यांतील अनेक जण आज वृद्ध होऊन आपल्या वस्त्यांत बसलेले आहेत. त्यांच्याजवळ जाऊन ‘क्षमा करा, विसरा’ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. हा अधिकार धम्मही देत नाही. स्मरण आणि वैर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच धम्म सांगतो, असे मी मानतो.

इतिहासाच्या शिक्षकाला हा भेद रोज वर्गात पाळावा लागतो. माझ्या बाकांवर दोन्हीकडची नातवंडे शेजारी शेजारी बसतात. ज्याच्या आजोबांचे घर जळाले त्याच्यापासून ही घटना लपवायची नाही. ज्याच्या गावाने ती जाळपोळ पाहिली त्यालाही ती सांगायची, पण त्या पंधरा वर्षांच्या मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही. हे बोलायला सोपे आहे. त्या तासाला वर्गात जी शांतता पसरते ती मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

मैत्री म्हणजे शरणागती, असा समज आपल्या तरुणांत आहे आणि त्याला कारणही आहे, कारण गावातील प्रतिष्ठित मंडळी ‘सलोखा’ हा शब्द बहुधा तक्रार मागे घेण्यासाठीच वापरतात. तसला सलोखा धम्माचा नव्हे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा हा आपला हक्क आहे आणि तो बजावणे हे मैत्रीच्या विरुद्ध नाही. सिद्धार्थानेही चौकशीच मागितली होती. पण खटला उभा राहिला की मृषावादापासून विरत राहण्याचे शील न्यायालयाच्या पायरीवर येऊन उभे राहते. दबावाला किंवा पैशाला बळी पडून साक्षीदार उलटतो तेव्हा ते मोडते. आणि (हे काहींना आवडणार नाही) संतापाच्या भरात, जो घटनास्थळी नव्हता त्याचेही नाव फिर्यादीत घालावे असे कोणी सुचवतो तेव्हाही ते मोडते. असे एक नाव खऱ्या फिर्यादीला पोखरते आणि पीडितालाच उघड्यावर आणते.

स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेली नाहीत, तथागतांच्या शिकवणीतून घेतली आहेत, असे बाबासाहेबांनी १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले आणि तिघींत बंधुतेला सर्वोच्च स्थान दिले. कायदा समतेची खात्री पूर्णपणे देऊ शकत नाही, ती बंधुताच देऊ शकते, असा त्यांचा विचार होता. घटनेच्या शिल्पकाराने हे म्हणावे, यातील गांभीर्य आपण पुरेसे लक्षात घेतलेले नाही.

जयंतीच्या मिरवणुकीतील दारूविषयी मी येथे फार लिहीत नाही. सतरावी प्रतिज्ञा सर्वांना पाठ आहे.

दुसऱ्या शीलाविषयी मात्र लिहिले पाहिजे, कारण ते निवासी विद्यालयाच्या अगदी दारात आहे. न दिलेले न घेणे, म्हणजे केवळ चोरी न करणे नव्हे. आपल्या भागातील कित्येक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. कोयता आणि बिऱ्हाड घेऊन निघताना ती आपले मूल वसतिगृहात ठेवून जातात. मधल्या पाच-सहा महिन्यांत त्या मुलाच्या ताटात काय पडते, हे पाहायला आई-बाप तेथे नसतात. कोठीतील तेलाचा डबा, डाळीचे पोते, दुधातले पाणी, हजेरीपटावरील आकडा हे सारे दुसऱ्या शीलाचे विषय आहेत. कोणत्याही निवासी शाळेत शील तपासायचे असेल तर वंदनागृहाआधी कोठी पाहावी. तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी रात्री कोण बसले, हेही पाहावे. अतिसाराने आजारी पडलेल्या, सोबत्यांनी टाकून दिलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुऊन स्वच्छ केले होते. त्या प्रसंगी त्यांनी संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. मैत्रीचा याहून साधा अर्थ मला ठाऊक नाही.

माजी विद्यार्थी आज निरनिराळ्या गावी, शहरी स्थिरावले आहेत. पालकही येथे उपस्थित आहेत. त्यांच्यापुढे एक सूचना ठेवतो. येत्या वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आपापल्या विहारांत ग्रंथवाचन होईलच. त्यातील रोहिणीच्या तंट्याचे प्रकरण एका दिवसात उरकू नये. ते चार संध्याकाळी वाचावे आणि त्या चार दिवसांसाठी शेजारच्या मातंग वस्तीला, आंध आदिवासींच्या तांड्या-पाड्यांना आणि गावातील ज्यांना यावेसे वाटेल त्या सर्वांना घरी जाऊन निमंत्रण द्यावे. वाचून झाल्यावर गावातील पाण्याचा, गायरानाचा, रस्त्याचा जो तंटा असेल तो बोलायला घ्यावा आणि पहिले बोलणे आपल्या बाजूच्या चुकीविषयी असावे. वाचनाची वेळ दिवेलागणीनंतरची ठेवावी, म्हणजे मजुरीहून परतलेल्या स्त्रियांनाही स्वयंपाक आटोपून येता येईल. आणि तो स्वयंपाक त्या चार दिवसांपुरता घरातल्या पुरुषांनी केला तर त्यांना आणखी लवकर येता येईल.