बांधकाम नव्हे, क्लिंकर कमी करू

२०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर केले. त्याच देशात अजून लाखो घरे, पूल, शाळा, दवाखाने उभे राहायचे आहेत. सिमेंट उत्पादनात चीनखालोखाल आपला क्रमांक लागतो, तरी आपला दरडोई वापर जागतिक सरासरीपेक्षा बराच कमी आहे. अशा देशाला ‘बांधू नका’ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण सिमेंटचे दुखणे केवळ इंधनाचे नाही. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच बाहेर पडतो. भट्टीला कोळशाऐवजी दुसरे कुठलेही इंधन दिले तरी तो चुकत नाही. म्हणून क्लिंकरच कमी वापरायला हवे, आणि तो निर्णय बराचसा आपल्या, म्हणजे स्ट्रक्चरल डिझायनर आणि साइट इंजिनिअरांच्या हातात आहे.

आपण काय करतो? विटकामाला, प्लास्टरलाही सवयीने ‘ओपीसी ५३’ लिहून मोकळे होतो. पीपीसीमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत फ्लाय अॅश चालते, स्लॅग सिमेंटमध्ये ७० टक्क्यांपर्यंत स्लॅग. चंद्रपूर-कोराडीची राख तर आपल्या दारातच आहे. पीपीसीला सुरुवातीची ताकद उशिरा येते, हे खरे. प्रीस्ट्रेसिंगच्या कामात ओपीसीचा आग्रह रास्तच आहे. साध्या इमारतीत मात्र तो आग्रह बहुतेकदा शटरिंग लवकर काढण्याच्या घाईपोटी असतो. आयएस ४५६ अशा मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस क्युरिंग सांगते. साइटवर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कॉलमवरची पोती कोरडी पडलेली दिसतात. मग तडे गेले की दोष सिमेंटला!

औष्णिक वीज जसजशी कमी होईल तसतशी राखही आटेल. तेव्हा भाजलेली माती आणि चुनखडीची भुकटी मिसळलेले एलसी-३ कामाला येईल. त्याच्या संशोधनात दिल्ली आणि मद्रासच्या आयआयटी होत्या, आणि २०२३ पासून त्याला आयएस १८१८९ हे भारतीय मानकही आहे. त्यात क्लिंकर साधारण निम्मेच लागते. सरकारी निविदांनी त्याला आता जागा दिली पाहिजे.

वाचकांना आमची विनंती एवढीच: पुढच्या ड्रॉइंगवर प्रत्येक कामासाठी सिमेंटचा प्रकार वेगळा लिहा, आणि बीओक्यूमध्ये क्युरिंगचा स्वतंत्र दर धरा.