व्याख्यान ऐका, मग जेवा?

आपल्या मंडळाच्या येत्या सहामाहीच्या पत्रकात एक व्याख्यान आहे, एक प्रदर्शन आहे आणि एक ‘खास महाराष्ट्रीय भोजन’ आहे. व्याख्यान किल्ल्यांवर, प्रदर्शन सभासदांच्या जलरंगांचं, भोजनात श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि मठ्ठा. तिन्हींचा एकमेकांशी संबंध एवढाच की हॉल एकाच दिवसासाठी भाड्याने घेतला आहे.

बेताबद्दल माझी तक्रार नाही. श्रीखंड मीही दोनदा घेते. तक्रार आहे ती जेवणाला दिलेल्या जागेबद्दल. आपल्याकडे निम्मी मंडळी जेवणासाठी येतात, हे सगळे जाणतात आणि कोणी लिहीत नाही. कार्यकारिणीलाही ते ठाऊक आहे, म्हणून तर जेवणाची कुपनं व्याख्यान संपल्यावर वाटतात. साडेसहाच्या सुमाराला मागून पातेल्यांची झाकणं वाजू लागतात, वक्त्याच्या तोंडून ‘शेवटी’ हा शब्द निघताच टाळ्या पडतात, आणि ज्याला आपण संस्कृती म्हणतो तो भाग तिथे संपतो. मला वाटतं, खरा विषय तिथेच सुरू व्हायला हवा. जेवण हेच व्याख्यान आणि जेवण हेच प्रदर्शन, असा निदान वर्षातून एक कार्यक्रम आपण करावा.

लंडनला जाणं झालं तर केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरचं जपान हाउस पाहून या. जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने अशी तीन केंद्रं काढली: साओ पाउलो, लॉस एंजेलिस आणि २०१८ साली लंडन. तळमजल्यावर दुकान, खाली प्रदर्शनाचं दालन, वर आकिरा नावाचं उपाहारगृह. ऑक्टोबर २०२४ पासून काही महिने तिथे जे प्रदर्शन होतं, त्याचा विषय होता खाण्याच्या नकला. जपानी हॉटेलांच्या दर्शनी कपाटात मांडलेले ते हुबेहूब पदार्थ, पूर्वी मेणाचे, आता प्लॅस्टिकचे. ताकिझो इवासाकी या गृहस्थांनी १९३२ साली ओसाकात या कामाचा धंदा सुरू केला. (लंडनचं महाराष्ट्र मंडळही १९३२ चंच. योगायोग, दुसरं काही नाही.) जपानच्या ४७ प्रांतांतून प्रत्येकी एका पदार्थाची नक्कल मुद्दाम करवून घेतली होती. खाण्यासारखं काहीच नाही, फक्त काचेपलीकडचं ताट, आणि तरी लोक तासतासभर वाकून पाहत होते. पदार्थ कुठला, त्यात काय पडतं, तो तिथेच का होतो, हे वाचत होते.

आता कोणी म्हणेल, त्यांच्यामागे सरकार आहे आणि आपल्यामागे वर्गणी. खरं आहे. शिवाय सरकारने मांडलेलं ताट जरा जास्तच नीटनेटकं असतं. जपानी घरात उरलेल्या भाताचं काय करतात, हे तिथे कळत नाही. आपण ही कल्पना तशीच उचलली, तर छत्तीस जिल्ह्यांचे छत्तीस पदार्थ अशी स्पर्धा होईल, परीक्षक नेमले जातील, आणि पहिलं बक्षीस कोल्हापूरला गेलं म्हणून सोलापूरवाले पुढच्या वर्षी येणार नाहीत. मला त्यांच्याकडून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते: विषय एक ठरवायचा, आणि बोलणं, पाहणं, खाणं तिन्ही त्याच विषयावर.

उपवासाचं ताट घ्या. आषाढीला मंडळात साबुदाण्याची खिचडी दरवर्षी होते आणि दरवर्षी ती पोटात जाण्यापलीकडे कुठे जात नाही. त्या ताटात काय असतं? साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळं, हिरवी मिरची. हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. कोलंबसाच्या आधी यातलं काहीही आपल्या किनाऱ्याला लागलेलं नव्हतं. आपल्याकडचा साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा. त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी १८८०च्या दशकात त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तमिळनाडूतल्या सेलमच्या आसपास त्याचे कारखाने उभे राहिले. म्हणजे आपल्या पणज्यांच्या पणज्या एकादशीला ही खिचडी खात नव्हत्या. त्यांच्या ताटात भगर असेल, दूध असेल, फळं आणि रानातले कंद असतील. सोलकढीतलं आमसूल मात्र पक्कं घरचं, सह्याद्रीतलं.

परदेशी कंद आपल्या देवाला चालला कसा? बहुधा असं झालं असावं की निषिद्ध धान्यांची यादी जुनी होती आणि नव्या पाहुण्यांची नावं तिच्यात नव्हती. याला दुसरं उत्तरही असू शकेल. म्हणून तर वक्ता हवा. एखादा वनस्पतिशास्त्रज्ञ, एखादा कीर्तनकार, दोघांना एका टेबलाशी बसवा आणि भांडू द्या.

प्रदर्शनाला लागणारं सामान गावातच आहे. कॅरिबियन आणि आफ्रिकन वाणसामानाच्या दुकानांत कसाव्याचे लांबट, मातकट कंद ढिगाने असतात. आपण त्यांच्यापुढून जातो आणि साबुदाणा आणायला गुजराती दुकान गाठतो. तो कंद टेबलावर ठेवा, शेजारी ओला स्टार्च, शेजारी साबुदाणा, शेवटी खिचडी. घानाच्या शेजाऱ्यांना बोलवा. त्यांच्याकडे याच कंदाची गारी होते, फुफूतही तो पडतो. एरवी ‘आंतरसांस्कृतिक’ कार्यक्रम म्हणून आपण लावणी दाखवतो आणि पाहुणे हसून मान हलवतात. एकच कंद दोन घरांत काय काय होतो, यावर त्यांच्याकडेही सांगण्यासारखं असेल.

आक्षेप येईल तो वेगळाच. जेवण हा विषय केला की कोणाचं जेवण, हा प्रश्न येतो. येऊ द्या. आपण ज्याला महाराष्ट्रीय भोजन म्हणतो तो पुण्या-मुंबईकडच्या काही घरांतल्या लग्नाचा बेत आहे. चांगला आहे, पण तो महाराष्ट्र नव्हे. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं खाणं, वाट्याला आलेलं मांस, ते वाळवून टिकवण्याच्या रीती असं सगळं त्यात आहे. २०२४ मध्ये इंग्रजी अनुवादही निघाला. आपल्या वाचनकट्ट्यावर त्याची चर्चा झाली नाही. ‘मंडळात शाकाहारीच’ हा नियम सोयीसाठी असेल तर ठीक, सगळ्यांनी एकत्र जेवायला तो उपयोगी पडतो. पण त्या नियमामुळे काय काय पत्रकाबाहेर राहिलं, हे निदान बोललं तरी जावं. व्याख्यानाला शाकाहाराची अट नाही.

गिरणगावच्या खानावळीही अशाच बाहेर राहिल्या. कोकणातून, घाटावरून आलेले एकटे गिरणी कामगार चाळीतल्या बायकांकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. पैसे पगाराला, तोवर घरातलं किडुकमिडुक गहाण. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९८२चा संप झाला आणि जेवणारेच गेले. चपाती, उसळ, भात एवढ्या साध्या ताटावर किती मोठं व्याख्यान होईल!

आणि आपलं स्वतःचं, परदेशातलं खाणं? ‘रुचिरा’ १९७० सालचं पुस्तक. इथल्या कितीतरी घरांत त्याची प्रत आहे: तेलकट, पाठीला चिकटपट्टी लावलेली, समासात पेन्सिलीने लिहिलेली. चक्क्याऐवजी ग्रीक योगर्ट, खव्याऐवजी रिकोटा, ओव्हन किती अंशावर. जुने सभासद सांगतात की एके काळी कोथिंबिरीसाठी सायप्रसच्या लोकांचं दुकान शोधावं लागे. अशा पंचवीस प्रती, एखाद-दोन विळ्या, पितळी सोरे आणि पुरणयंत्रं मांडली की प्रदर्शन झालं. हे लंडनच्या कुठल्याही मोठ्या केंद्राला जमणार नाही, कारण त्या पेन्सिलीच्या खुणा आपल्याकडेच आहेत. ज्यांच्या आहेत त्या मावशी आणि काकू आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर मला नको.

खर्चाचं म्हणाल तर वेगळा खर्च नाही. हॉल तोच, पातेली तीच. केटररला ठरलेला बेत सांगण्याऐवजी चार घरांना चार पदार्थ सांगायचे, हा त्रास मात्र आहे, आणि तो नेहमीच्याच पाच-सहा बायकांच्या अंगावर पडू नये यासाठी स्वयंपाकाच्या यादीत पहिली नावं कार्यकारिणीतल्या पुरुषांची असावीत.

माहिती लिहिण्याचं काम वाढेल, असं सचिव म्हणाले. आपण प्रत्येक पातेल्यापुढे शेंगदाणे, दूध, गहू यांची सूचना छापून लावतोच. त्याच कागदावर पदार्थ कोणी केला, कोणाकडून शिकला आणि तो कुठल्या गावचा, एवढ्या तीन ओळी अजून मावतात.