यंदा कोण येणार?



थंडी पडू लागली की आपल्या खानदेशात शेतांवर भरताचे बेत ठरतात, बाजारात कापूस येतो आणि गावोगावच्या कार्यक्रमांच्या तारखा निघू लागतात. कुठे उरूस, कुठे मुशायरा, कुठे कव्वालीचा मुकाबला, तर कुठे शास्त्रीय संगीताचा महोत्सव. तारीख कळली की लगेच एक प्रश्न ऐकू येतो : ‘यंदा कोण येणार?’ चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर आणि शाळेच्या मधल्या सुटीतही हीच चर्चा. एक जण म्हणतो, ‘मागच्या वर्षीचेच असतील.’ दुसरा म्हणतो, ‘छे! या वेळी मुंबईहून मोठे नाव येणार. माझ्या मामूंना पक्की खबर आहे.’ तिसरा त्यावर पैज लावतो. संध्याकाळपर्यंत सारा मोहल्ला ते मोठे नाव येणारच असे धरून चालतो.

काही वडीलधाऱ्यांना ही सारी चर्चा म्हणजे रिकामटेकडेपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. ज्या गोष्टीवर आपले प्रेम असते, तिचीच आपण वाट पाहतो. आणि वाट पाहणारा माणूस अंदाज बांधल्याशिवाय राहत नाही. जगात सगळीकडे असेच आहे. इंग्लंडमध्ये ग्लास्टनबरीजवळ एका शेतावर १९७० पासून एक प्रचंड मोठा संगीत महोत्सव भरतो. त्याची बहुतेक तिकिटे मुख्य कलाकारांची नावे जाहीर होण्याआधीच विकली जातात. मग महिनोन्‌महिने लोक अंदाज करत बसतात. म्हणजे टपरीवर चर्चा करणारे तुम्ही एकटे नाही.

तरीही या प्रश्नाबद्दल मला तुमच्याशी थोडे बोलायचे आहे. प्रश्न चांगला आहे. पण आपण तो विचारतो कसा आणि त्यापुढे काय करतो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

आधी ‘अंदाज’ हा शब्दच पाहा. तो आपल्या दोन्ही भाषांत आहे. उर्दूत ‘अंदाज़’ म्हणजे ढब, शैली. आणि ‘अंदाज़ा’ म्हणजे अटकळ. मराठीत मात्र अंदाज म्हणजे अटकळ. अंदाज ही बातमी नव्हे. रमजानच्या एकोणतिसाव्या रोजाला संध्याकाळी आपण सारे आभाळाकडे पाहून अंदाज करतो. पण ईद जाहीर होते ती चंद्र पाहिल्याची साक्ष मिळाल्यावरच. हा नियम आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मग कलाकाराच्या बाबतीत आपण तो का विसरतो? ‘येतील असे वाटते’ याचे ‘येणार आहेत’ होते आणि ‘येणार आहेत’चे ‘तिकीट काढा, नाहीतर जागा मिळणार नाही’ होते. यालाच मराठीत अफवा म्हणतात. तुमच्या उर्दूतला ‘अफ़वाह’ तो हाच.

अफवेने कोणाचे काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. बिघडते ते स्टेजवर बसलेल्या माणसाचे. लोक एका नावासाठी येतात, ते नाव येत नाही आणि जो आला आहे त्याच्यावर राग निघतो. शिट्ट्या वाजतात, खुर्च्या सरकतात. ज्याने कोणालाही काही वचन दिलेले नव्हते, त्याला दुसऱ्याच्या अफवेची शिक्षा भोगावी लागते.

आता दुसरी गोष्ट. मुशायऱ्याची रीत तुम्हांला ठाऊक आहे. पूर्वी शायरापुढे शमा ठेवीत. आधी नवे शायर वाचत आणि सर्वांत शेवटी शमा बुजुर्ग उस्तादांपुढे जाई. आजही सदर शेवटी वाचतात. हिंदुस्तानी संगीताच्या मैफलीतही हीच रीत आहे. सर्वांत ज्येष्ठ कलाकार शेवटी गातो. शेवटची जागा मानाची, यात शंका नाही. पण आपण त्याचा उलटा अर्थ काढला. शेवटचा महत्त्वाचा, म्हणून आधीचे बिनमहत्त्वाचे! तुम्हीही पाहिले असेल, सुरुवातीचे दोन-तीन शायर वाचत असतात, तेव्हा अर्धा मंडप बाहेर चहा पीत असतो. ‘अजून वेळ आहे,’ असे म्हणतात. वेळ कसला? समोर एक जण आपली गझल वाचत असतो!

या संदर्भात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. आपल्या महाराष्ट्रात ‘यंदा कोण?’ हा प्रश्न जितका या महोत्सवाबद्दल विचारला जातो, तितका क्वचितच दुसऱ्या कशाबद्दल विचारला जात असेल. त्याची यादी जाहीर झाली की वर्तमानपत्रांत ती छापून येते आणि रसिक ती तोंडपाठ करतात. डिसेंबरात हा महोत्सव भरतो. तो सुरू झाला १९५३ साली, आदल्या वर्षी वारलेल्या रामभाऊ कुंदगोळकर यांच्या स्मरणार्थ. सवाई गंधर्व ही त्यांना मिळालेली पदवी. ते शागीर्द होते उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे. खाँसाहेब मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचे. त्यावरूनच त्यांच्या गायकीला किराणा घराणे म्हणतात. १९३७ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांची कबर मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ आहे. तेथे उरुसात संगीत सभा होते. नामवंत कलाकार हजेरी म्हणून तेथे सेवा करतात. तेथे ‘मुख्य कलाकार कोण?’ या प्रश्नाला फारशी जागा नाही. प्रत्येक जण हजेरी लावायला आलेला असतो.

सवाई गंधर्वांचे शागीर्द पंडित भीमसेन जोशी. ते अकरा वर्षांचे असताना गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहून शिकले. १९४६ साली गुरूंच्या साठीच्या सोहळ्यात ते पुण्यात गायले आणि लोकांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. नंतर गुरूंच्या नावाचा महोत्सव त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळला, मोठा केला. त्यांना भारतरत्न मिळाले. २०११ साली ते वारले आणि महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव जोडले गेले. विचार करा, १९४६ च्या त्या दिवशी श्रोते ‘हा कोण मुलगा? अजून वेळ आहे,’ असे म्हणून चहाला बाहेर गेले असते तर? भीमसेन जोशी मोठे गायक झालेच असते. पण त्या श्रोत्यांनी काय गमावले असते, हे त्यांना कधी कळलेही नसते.

या महोत्सवात आणखी एक सुंदर प्रथा आहे. अनेक वर्षे समारोप भीमसेनजी करीत. त्यांच्यानंतर हा मान डॉ. प्रभा अत्रे यांच्याकडे आला. २०२४ च्या जानेवारीत त्या गेल्या, तेव्हा ‘आता शेवटी कोण?’ असा प्रश्न रसिकांना पडणे साहजिक होते. पण समारोपाला सवाई गंधर्वांनी गायिलेल्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लावण्याची तेथे प्रथा आहे. शेवटचा आवाज कोणाचा असतो? सत्तर वर्षांहून अधिक काळापूर्वी वारलेल्या गुरूचा! तेव्हा शेवटच्या जागेसाठी भांडणाऱ्यांनी ही प्रथा लक्षात ठेवावी.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. जळगावातही हिवाळ्यात बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो. बालगंधर्व म्हणजे मराठी रंगभूमीवरचे थोर गायक नट नारायणराव राजहंस. लहानपणी ते शिक्षणासाठी जळगावात राहिले होते आणि येथेच मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले. आज बालगंधर्वांचे नाव साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मेहबूबखाँचे नाव आपल्या जळगावातही किती जणांना ठाऊक आहे? मोठ्या नावामागे असा एक तरी माणूस असतोच. कोणी शिकवणारा, कोणी तबल्याची साथ करणारा, कोणी तंबोरा बनवणारा. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे बनवीत आले आहेत. कितीतरी मैफलींत त्यांच्या हातचा तंबोरा वाजतो. पण ‘यंदा कोण येणार?’ या चर्चेत त्यांचे नाव कोणी घेत नाही.

यावर तुमच्यापैकी कोणी म्हणेल, ‘सर, हे सगळे ठीक आहे. पण धुळ्याचा यंत्रमाग कामगार वर्षातून एकदा घरच्यांसाठी तिकीट काढतो. कोण येणार हे विचारण्याचा त्याला हक्क नाही का?’ हक्क आहे, पुरेपूर आहे. कष्टाच्या पैशाने तिकीट घेणाऱ्याला कोण येणार हे खरे आणि वेळेवर कळले पाहिजे. ज्या कलाकाराचा होकार आलेला नाही, त्याचे नाव पोस्टरवर छापणे ही सरळ फसवणूक आहे. ‘नाव छापा, पुढचे पुढे पाहू,’ असे म्हणणारे आयोजक अफवेलाच जन्म देतात. कलाकार आजारी पडला, गाडी चुकली, तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा आयोजकांनी माईकवर येऊन स्पष्ट सांगावे आणि श्रोत्यांनी आलेल्या कलाकाराला मनापासून ऐकावे. २०१५ साली ग्लास्टनबरीच्या आधी फू फायटर्स या वाद्यवृंदाच्या मुख्य गायकाचा पाय मोडला. त्यांच्या जागी फ्लोरेन्स अँड द मशीन यांना मुख्य स्थान मिळाले. श्रोत्यांनी त्यांना उचलून धरले. संधी अशीही येते. पण ती तेव्हाच संधी ठरते, जेव्हा समोर ऐकणारे कान असतात.

सर्वांत काळजीची गोष्ट पुढेच आहे. लोक फक्त मोठ्या नावासाठी येऊ लागले, तर आयोजक काय करतील? हाती असलेली सारी रक्कम एकाच नावावर खर्च करतील. मग जिल्ह्यातल्या शायराला, गायकाला, तबलजीला द्यायला पैसा उरणार नाही आणि त्यांच्यासाठी वेळही उरणार नाही. पुढच्या वर्षी त्याहून मोठे नाव पाहिजे. त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून मोठे. एक दिवस ते परवडेनासे होईल आणि कार्यक्रमच बंद पडेल. तळे राखील तो पाणी चाखील, असे मराठीत म्हणतात. गावातल्या मैफलीचे तळे राखण्याचे काम श्रोत्यांचे आहे, आणि उद्याचे श्रोते तुम्ही आहात.

म्हणून मुलांनो, अंदाज जरूर करा. मित्रांशी वाद घाला. पण आपल्या आवडीच्या कलाकाराची बाजू घेताना दुसऱ्याच्या आवडीला नावे ठेवू नका. ऐकलेली गोष्ट ‘ऐकली आहे’ अशीच सांगा, ‘पाहिली आहे’ अशी सांगू नका. आणि कार्यक्रमाला जाल तेव्हा वेळेवर जा. पहिला कलाकार बसेल त्याआधी आपण बसलेले असू, असे पाहा. त्याचे नाव लक्षात ठेवा. घरी आल्यावर त्याने काय गायिले, कसे गायिले हे दोन ओळींत वहीत लिहा. मग तुमचा मराठीतला अंदाज हळूहळू उर्दूतल्या ‘अंदाज़’पर्यंत पोहोचेल. कोण येणार हे ओळखता आले नाही, तरी आलेल्याची ढब तुम्हांला ओळखता येईल. खरा रसिक तोच.

पुढच्या थंडीत कोणी तुम्हांला विचारील, ‘यंदा कोण येणार?’ तेव्हा त्याला तुमचा अंदाज सांगा. आणि त्याला उलट विचारा : ‘यंदा पहिला कोण गाणार?’

स्वाध्याय

१. अंदाज, बातमी आणि अफवा यांतील फरक उदाहरणे देऊन सांगा.
२. मैफलीत शेवटची जागा मानाची का मानतात? त्यामुळे कोणती चुकीची समजूत होते?
३. ‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण लेखकाने कशासाठी वापरली आहे?
४. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या कार्यक्रमातील पहिल्या कलाकाराविषयी आठ ते दहा ओळी लिहा.