हेल्मेट डोक्यावर, पाय मात्र वाऱ्यावर!

पावसाळा लागला की तोरणमाळ आणि चांदसैली घाटाकडे मोटारसायकली निघतात. गाडीला नवा हॉर्न, मोबाइलला होल्डर, काहींच्या डोक्यावर हेल्मेटही. आणि पायात? स्लीपर! विचारलं की उत्तर ठरलेलं: "डॉक्टर, पावसात चप्पलच बरी. भिजली तरी लगेच वाळते."

हे उत्तर अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त धोक्याचं आहे. ओल्या बुटात दिवसभर पाय कोंडला की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, हे मान्य. पण चिखल्या योग्य मलमाने काही आठवड्यांत बऱ्या होतात. (स्टेरॉइड मिसळलेलं मलम मात्र स्वतःच्या मनाने लावू नका. खाज थांबते, बुरशी पसरते.) घाटात शेवाळावर गाडी घसरली, तर शंभर किलोंहून जड मोटारसायकल घोट्यावर पडते. हाड मोडून प्लेट-स्क्रू घालावे लागले, तर पायावर पूर्ण भार द्यायला अनेकदा दीड ते तीन महिने जातात. शेतमजुरासाठी हा अख्खा खरीप हंगाम झाला!

मग गमबूट?

गमबूट पाणी अडवतो, पण घोट्याला धरून ठेवत नाही. पाय आत हलतो, गिअरचा अंदाज येत नाही आणि घामाने आतून भिजतोच.

"वॉटरप्रूफ" या शब्दाला भुलू नका

महागडा बूटही वरून उघडाच असतो. रेनपँट बुटात खोचली की पँटवरचं सगळं पाणी आत. पँट नेहमी बुटाच्या बाहेरून घ्या. दमट हवेत आतला घामही हळूच बाहेर पडतो, म्हणून मोज्यांचे दोन जास्तीचे जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. थांबलात की पाय पुसा, मोजे बदला.

बूट घेताना

- संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात.
- मोजे घालून बघा. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, टाच मात्र उचलली जाऊ नये.
- बूट घोट्याच्या वर यावा. घोट्याचा भाग हाताने दाबला तर चेपता कामा नये.
- तळवा रबरी, खाचांचा असावा. लेस लोंबकळणारी नको.
- गाडीवर बसून गिअर टाकून बघा.
- ओला बूट चुलीजवळ वाळवू नका. आत वर्तमानपत्राचा कागद कोंबून सावलीत ठेवा.

मधुमेह असेल तर

पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर बुटाने आलेला फोड कळतच नाही. नवा बूट आधी घरात तासभर घाला, काढून पाय नीट तपासा. प्रवासात रोज रात्री तळवेही बघा.

मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हेल्मेट सक्तीचं करतं. त्याच सक्तीत बुटाचं नाव नाही, म्हणून घोटा काही कमी मोडत नाही. फिरायला जाणाऱ्यांनी एका सहलीचा खर्च बुटावर करावा. पण धडगाव-मोलगीच्या पाड्यांवर भर पावसात दुचाकीवरून जाणारे शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी हौसेने जात नाहीत. त्यांना पाठवणाऱ्यांनीच त्यांना बूट द्यायला हवेत. कामाला पाठवताना वही-पेन देता, मग पाय सांभाळायची जबाबदारी त्यांच्या एकट्याच्या खिशावर का?

तोपर्यंत घोट्यावर येणारा साधा, जाड चामड्याचा बूट घाला. तो भिजेल. पण भिजलेला पाय वाळतो, चिरडलेला नाही.